नाकाची साक्ष

मोझेल टॅगर्टची सकाळ गेली चार वर्षं डोळ्यांच्या आणि बोटांच्या भरवशावर चालली होती. उजाडल्यावर ती उठे, खिडकीचा पडदा सारी, कॉफीचं यंत्र सुरू करी आणि त्याच्या शेवटच्या गुरगुरीवरून कॉफी तयार झाल्याचं ओळखी. दूध वापरण्याआधी बाटलीवरची तारीख वाची. तारखेवर विश्वास बसला नाही तर थेंबभर दूध दोन बोटांत चोळून पाही. मक्याच्या कण्या शिजत असताना लाकडी डाव तळाशी कुठं अडखळतो याकडे तिचं सगळं लक्ष असे, कारण करपल्याची वर्दी देणारा जुना चाकर नोकरी सोडून गेला होता. घरातल्या प्रत्येक खोलीत तिनं धुराचा भोंगा बसवून घेतला होता, न्हाणीघरातसुद्धा, त्यामुळे ती गरम पाण्यानं अंघोळ करू लागली की वाफेनं भोंगा केकाटे आणि शेजारच्या मिस अर्लीन आपल्या ओसरीवरून म्हणत, "झाली बाई मोझेलची अंघोळ." सुगंधी फवारा ती अंगावर एकदा मारी, मग मारला की नाही अशी शंका येऊन दुसऱ्यांदा मारी, आणि दाराबाहेर पडताना, असू दे म्हणून, तिसऱ्यांदा. ज्या शिवणघरात ती मार्डी ग्राच्या उत्सवातल्या राण्यांच्या झग्यांचे लांबच लांब शेपटे मणी लावून सजवी, तिथल्या बायका तिच्या टेबलाशेजारची खिडकी बारा महिने उघडी ठेवत, मोबील शहराच्या ऑगस्टातल्या घामटातही. मोझेलला मोकळी हवा आवडते, असं त्यांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं.

त्या बुधवारी तिनं शिवणघराला रजा घेतली होती, कारण जिच्यावर तिनं दावा लावला होता त्या औषध कंपनीचा डॉक्टर दुपारी तिचं नाक तपासणार होता. कॉफी झाली, कण्या झाल्या, भोंगा केकाटून झाला. मग डीकनला बाहेर सोडायचं म्हणून ती त्याच्या गळपट्ट्यात दोरी अडकवायला खाली वाकली. डीकन हा तिचा म्हातारा शिकारी कुत्रा. साऱ्या आयुष्यात त्यानं केलेली एकमेव शिकार म्हणजे पोस्टमनची टोपी. मालकिणीचा चेहरा आपल्या चेहऱ्यापाशी आलेला पाहून त्यानं प्रेमानं एक लांबलचक जांभई दिली. आणि मोझेलच्या कपाळाच्या आत, जिथं चार वर्षं एक रिकामी खोली कुलूपबंद पडली होती, तिथलं दार कुणीतरी लाथेनं उघडलं. ओहोटीच्या वेळचा खाडीचा चिखल, ओलं गोणपाट आणि झाकून ठेवून विसरलेली कोळंबी, अशी सगळी मंडळी एकदमच आत घुसली. ती मागं रेलली, फरशीवरच बसली आणि म्हणाली, "देवा रे, काय ही घाण!" पण तिचा सूर, खूप दिवसांनी घरी आलेल्या मुलाला 'किती वाळलास रे' म्हणणाऱ्या आईचा होता. तिनं डीकनचं थोबाड दोन्ही हातांत धरून पुन्हा हुंगलं. पुन्हा तीच घाण, किंचित फिकट. तिसऱ्यांदा हुंगायला गेली तेव्हा डीकन ओशाळला; आजवर हुंगण्याचं काम या घरात त्याच्याकडं होतं.

आनंद तिच्यापाशी कॉफी निवेपर्यंतसुद्धा बसला नाही. कारण वासानं तिला यापूर्वी एकदा फसवलं होतं. चर्चमध्ये प्रवचन रंगात आलेलं असताना एका रविवारी तिला जळक्या रबराचा वास आला. इतका दाट, की ती बाकावरून उठून ओरडली, "काहीतरी जळतंय!" पाद्रीबाबा नेमके नरकाच्या वर्णनात शिरले होते. आपल्या शब्दांना इतकं ताबडतोब फळ आलेलं पाहून ते गहिवरले. "होय भगिनी, जळतंय!" सगळी मंडळी एका सुरात म्हणाली, "आमेन!" "अहो, खरंच जळतंय!" "आमेन! आमेन!" ती जितकी कळवळून सांगे तितका भक्तीला पूर येई, शेवटी दोन धिप्पाड बायकांनी तिला मधे धरून वारा घातला. त्यानंतर काही आठवडे मोझेलकडे चर्चमध्ये आदरानं पाहिलं जात होतं. मग तो वास शिवणघरात आला, बँकेच्या रांगेत आला, आणि एक दिवस मण्यांच्या डबीवर मान टाकून ती बेशुद्ध पडली. नाकाच्या मुळावर, कवटीच्या तळाशी, लिंबाएवढी गाठ मेंदूला ढुशा देत बसली होती. जळकं रबर म्हणजे त्या गाठीनं वाजवलेली कडी होती. डॉक्टरांनी गाठ काढली. गाठीबरोबर वासाचे धागेही गेले. "गाठ गेली ते बघा," डॉक्टर म्हणाले, आणि मोझेलनं ते बघितलंही. कर्करोग नव्हता, जीव वाचला होता, आणि ती अशा माणसांतली होती, जी पाय मोडला तर मान नाही मोडली म्हणून मेणबत्ती लावतात.

म्हणून आता डीकनच्या तोंडाला येणाऱ्या या वासाचे अर्थ दोन होते. एक, नाक परत आलं होतं. दोन, गाठ परत आली होती. आणि यांतला कुठला अर्थ खरा, हे कळायला एकच वाट होती: डीकनला खरोखरच घाण वास येतो का, हे कुणातरी नाकवाल्याला विचारणं. नेमकं तेच तिला करायचं नव्हतं. तिच्या वकील रेनाटा लँड्री यांनी पहिल्याच भेटीत, तळलेल्या माशाचं सँडविच खात खात, तिला बजावलं होतं, "मिस मोझेल, तुमच्या तब्येतीबद्दल कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही. शेजारीण असो, चर्चमधल्या बाया असोत, उद्या त्यांना शपथेवर उभं करून विचारतील. माझ्याशी बोललेलं खाजगी राहतं, आणि नवऱ्याशी बोललेलं."

"माझा घटस्फोट झालाय, मॅडम."

"माहीत आहे मला. म्हणून म्हणते, कुत्र्याशी बोला."

दावा तिचा एकटीचा असता तर इतकं सोवळं पाळावं लागलं नसतं. ज्यामुळे गाठ झाली म्हणून दावा होता, ते गर्भनिरोधक इंजेक्शन देशभरातल्या बायकांनी घेतलं होतं. दर तीन महिन्यांनी दवाखान्यात जायचं, दंड उघडा करायचा, नर्सशी हवापाण्याचं बोलायचं आणि पाळणा लांबवल्याच्या समाधानात घरी यायचं. गोळ्यांसारखी रोजची आठवण ठेवण्याची कटकट नाही. मोझेलनं मुलगी झाल्यावर ते सुरू केलं आणि मुलगी कॉलेजात गेली तरी चालूच ठेवलं. ज्यांच्या डोक्यात गाठी निघाल्या, त्या बायकांनी जिथं तिथं दावे लावले, आणि ते हजारो दावे गोळा करून खाडीपलीकडच्या एका न्यायाधीशापुढं एकत्र ठेवण्यात आले. एवढ्या जणींचं एकेक करून ऐकायचं तर न्यायाधीशाचे नातू पेन्शनीत जातील. म्हणून शितावरून भाताची परीक्षा करायचं ठरलं: मोजके दावे नमुन्यादाखल आधी चालवायचे, ज्यूरीतल्या पंचांसमोर काय होतं ते पाहायचं, आणि त्या अंदाजानं बाकीच्यांचा निकाल किंवा तडजोड. मोझेलचं शीत निघालं. लँड्रीबाईंनी ही बातमी अशा आवाजात दिली होती, की मोझेलला क्षणभर वाटलं, आपण यंदाच्या मार्डी ग्राची राणी म्हणून निवडले गेलो. "तुमची केस सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "गाठ नेमकी तिथं, इंजेक्शन नेमकं तेच, दुसरं कुठलंही औषध नाही, आणि वास कायमचा गेलेला. कायमचा, मिस मोझेल. सगळं त्या शब्दावर उभं आहे."

आणि त्या शब्दावर उभ्या असलेल्यांपैकी एकीला मोझेल भेटलीही होती. लुइझियानाहून आलेली डेल्फीन ब्रूसार्ड, वकिलांच्या बैठकीच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवर. तिची गाठ डोळ्याच्या मागं निघाली होती. एक डोळा गेला, दुसरा अर्धामुर्धा. शाळेची बस चालवायची. आता घरातल्या घरात टेबलाला धडकायची. मोझेलचा दावा आधी चालणार हे कळल्यावर तिनं मोझेलचा हात चाचपून शोधला आणि म्हणाली, "हे बघ बाई, पंचांपुढं रडायची वेळ आली तर पोटभर रड. माझा नंबर पार मागं आहे, आणि माझ्या डोळ्यांना आता रडायलासुद्धा जमत नाही नीट." मग स्वतःच खिंकाळल्यासारखी हसली. मोझेलही हसली, आणि घरी येताना गाडीत, कुणी पंच समोर नसताना, रडली.

पण आता आधी डीकन. डोकं चालवलं तर शब्द न बोलताही विचारता येतं, असं मोझेलनं ठरवलं आणि दोरीला धरून त्याला शेजारच्या ओसरीवर नेलं. मिस अर्लीन ऐंशी ओलांडलेल्या होत्या. डोळ्यांना कमी दिसे, कानांनी निवडक ऐकू येई, पण नाक अजून ठणठणीत होतं. कुणाच्या घरी कालवण लागलं, कुणाच्या नवऱ्यानं व्हिस्की घेतली, हे त्या ओसरीवर बसून सांगत. मोझेलनं डीकनला थेट त्यांच्या मांडीशी नेऊन बसवलं. डीकननं भक्तिभावानं आ वासला.

"मिस अर्लीन, हा आज कसा वाटतो हो तुम्हाला?"

"कसा म्हणजे? राजबिंडा." मिस अर्लीननी हातातला चर्चचा पुठ्ठ्याचा पंखा जोरात हलवायला सुरुवात केली.

"नाही, म्हणजे, जवळून?"

"जवळून तर फारच." पंख्याचा वेग वाढला. "किती गुणी पोर आहे. मी परवाच म्हणत होते, मोझेलनं कुत्र्याला काय जपलंय!"

"म्हातारा झालाय ना. अंघोळ घालावी का म्हणते."

"कशाला गं बिचाऱ्याला छळतेस? मला विचारशील तर तो अगदी ताज्या फुलासारखा आहे. बरं, तू उभी का? नाही, नको, बसू नकोस, तुला कामं असतील. ये हं पुन्हा. बाळा, देव तुझं भलं करो."

मोझेल उतरून अंगणात आली. ताज्या फुलासारखा! म्हणजे वास आपल्या डोक्यातलाच. हे बोलणं खोटं असेल असा संशय तिला शिवला नाही असं नाही. पण मिस अर्लीन एकूण चांगुलपणाच्या बाई होत्या, आणि चांगुलपणाचं बोलणं खरं मानून चालायचं, हे मोझेलच्या हाडीमासी खिळलेलं. तिचा बाप कागदाच्या गिरणीत होता. लहानपणी वारा फिरला की सगळ्या शहरावर सडक्या अंड्यांचा वास पसरे, आणि पाहुणे आले असतील तर आई खिडक्या लावत म्हणे, "आज हवा जरा जड आहे, नाही?" पाहुणेही म्हणत, "हो ना, जडच." बाप मात्र दारात उभा राहून छाती भरून श्वास घेई. "हा पगाराचा वास आहे, पोरी." पाहुण्यादेखत वासाचं नाव काढायचं नाही, हा नियम तिला आईनं काटाचमचा धरायला शिकवण्याआधी शिकवला होता. गंमत अशी, की हा नियम दुसऱ्यांनाही त्यांच्या आयांनी शिकवला असेल, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आपण वास लपवतो. दुसऱ्यांना मुळात येतच नाही, अशी तिची समजूत.

तेवढ्यात रँडलची गाडी आली. रँडल तिचा एकेकाळचा नवरा. गाठ निघण्याच्या फार आधी, टीव्हीचा आवाज किती ठेवावा इथून सुरू झालेल्या एका भांडणात त्यांचा संसार मोडला होता. पण दर बुधवारी तो तिचं गवत कापायला येई, आणि दोघांनाही ते लग्नापेक्षा बरं जमलं होतं. गेली दोनेक वर्षं मात्र तो घरात पाऊल टाकत नसे. लिंबाचं सरबत पायरीवर उभ्यानं पिई. त्याचा मान राखून मोझेलनं त्याला कारण विचारलं नव्हतं. नवी बाईबिई असेल, तिला आवडत नसेल.

"रँडल, जरा इकडं ये. डीकनच्या तोंडात बघ रे. काहीतरी अडकलंय वाटतं."

रँडलनं चार हात अंतरावरून मान लांब केली. "काही नाही अडकलं."

"इतक्या लांबून?"

"जहाजबांधणीत तीस वर्षं काढली मी. मला लांबून दिसतं." तो वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला सरकला. डीकनही प्रेमानं सरकला. "मोझेल, काय झालंय तुला? चेहरा पांढराफटक पडलाय."

"मला सांगता येत नाही. वकिलांनी बंदी घातलीय. फक्त नवऱ्याला सांगितलेलं चालतं."

रँडलनं टोपी काढली, कपाळ पुसलं. "असं असेल तर... म्हणजे... आठवड्यापुरतं पुन्हा करू लग्न. नाहीतरी गुरुवारी मी मोकळाच असतो."

ती हसली, आणि हसता हसता तिला त्याच्या जुन्या सदऱ्याचा वास आठवला: लोखंडाचा कीस, साबण आणि तंबाखू. तो वास आठवला खरा, पण आठवणीत वास नसतो; त्याची नुसती नावं असतात, पाटीवर लिहून ठेवल्यासारखी. तो दोन पावलांवर उभा होता. पुढं होऊन त्याच्या खांद्याशी नाक नेणं कठीण नव्हतं. पण तो वास आला असता तरी तो खरा की डोक्यातला, हा प्रश्न उरलाच असता. आणि घटस्फोटित नवऱ्याला अंगणात हुंगल्याचं मिस अर्लीनना शपथेवर सांगावं लागलं असतं.

"तुला डीकनचा काही वास येतो?" तिनं शेवटी विचारूनच टाकलं. वासाबद्दल विचारलं, नाकाबद्दल नव्हे. तेवढी फट वकीलबाईंनी ठेवली असेल.

रँडलनं कुत्र्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. कवटीवरच्या टाक्यांच्या रेषेवर केस उगवले होते ते पाहिलं. ही बाई वास येत नाही म्हणून कोर्टात गेलेली. तिला, तुझं घर घाणतं, असं सांगायचं? "छे," तो म्हणाला. "कसला वास? अजिबात नाही." आणि त्यानं गवत कापायचं यंत्र घाईघाईनं सुरू केलं.

झालं. दोन साक्षीदार, दोघांचं एकमत. वास बाहेर नव्हताच. तो आत होता. मोझेल स्वयंपाकघरात आली, हात ओट्यावर टेकून उभी राहिली. पुन्हा ती पांढरी खोली, डोक्याभोवती घरघरणारं ते यंत्र, मुंडण, टाके. गेल्या खेपेला आपण विनोद केले होते. नर्सला म्हटलं होतं, बघा, आत काही सापडलं तर परत करा. या खेपेला एकही विनोद शिल्लक नव्हता. डीकन पायाशी येऊन बसला आणि त्याच्याबरोबर तो वासही आला, दारिद्र्यासारखा चिकट, आणि आता त्या घाणीत तिला ओळखीचा जळकेपणा जाणवू लागला. नव्हता, पण जाणवला. फोन वाजला. लँड्रीबाई होत्या, दुपारच्या तपासणीची आठवण करून द्यायला.

"मिस मोझेल, पुन्हा एकदा सांगते. ते वासाची पुस्तिका देतील. पानापानावर पट्टे असतात. पेन्सिलीनं खरवडायचे, हुंगायचं आणि चार पर्यायांतला एक निवडायचा. वास आला नाही तरी अंदाजानं एक निवडायचाच. श्रीव्हपोर्टच्या त्या बाईसारखी हुशारी करू नका."

"कुठल्या?"

"सांगितलं नव्हतं? एका जुन्या खटल्यातली. वास येत नाही हे ठसवायचं म्हणून तिनं सगळीच्या सगळी उत्तरं चुकीची दिली. बिचारीला कळलं नाही, की नाक खरंच गेलं असेल तर नशिबानं चारांतलं एखादं बरोबर येतंच. एकूण एक चुकवायला नाक तिखट लागतं! डॉक्टरनं तिला तिथंच पकडली. तुम्ही काही डोकं लढवू नका. येत नाही ना वास, मग डोळे मिटून खुणा करा."

"मॅडम, समजा... गाठ परत आली तर?"

पलीकडून काही चावल्याचा आवाज थांबला. "देव न करो," लँड्रीबाई म्हणाल्या. पण त्याआधी त्या क्षणभर थांबल्या होत्या, आणि त्या क्षणात देवाला पाहिजे तर करण्याची मुभा होती. हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण पुढं त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "तुम्हाला काही होतंय का? खरं सांगा. केस गेली चुलीत."

"नाही," मोझेल म्हणाली. "हवा जरा जड आहे, एवढंच."

तपासणीची जागा एका उंच इमारतीत होती, कंपनीनं दिवसापुरती भाड्यानं घेतलेली. लँड्रीबाई बाहेरच्या खोलीत बसल्या. आत यायला त्यांना मनाई होती. डॉक्टरचं नाव व्हीलॉक. ओहायोचा, म्हणजे उत्तरेकडचा माणूस, बोटभर मिशा, चेहऱ्यावर कसलाच पाहुणचार नाही. मोझेल आत शिरून खुर्चीवर बसते न बसते तोच त्यानं कागदावरून मान वर केली, नाकपुड्या दोनदा फुगवल्या आणि विचारलं, "तुमच्याकडं म्हातारा कुत्रा आहे का?"

मोझेलला वाटलं, आपण ऐकलं ते खरं नाही. "काय म्हणालात?"

"कुत्रा. तुमच्या कपड्यांना वास येतोय. मासळी सडल्यासारखा. त्यावर फुलांचा फवाराही खूप मारलाय तुम्ही, पण त्यानं लपत नाही, उलट वाढतो."

"चिखलासारखा?" ती पुटपुटली. "ओहोटीच्या?"

"चिखल म्हणा. त्याचे दात किडलेत. म्हाताऱ्या कुत्र्यांना असंच होतं. जनावरांच्या डॉक्टरला दाखवा, दुखत असणार त्याला."

चार वर्षांत कुणी तिच्याशी इतकं गोड बोललं नव्हतं. तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग खुर्चीसकट. डॉक्टर गोंधळला. "बाई, अपमान करायचा हेतू नव्हता माझा."

"छे, छे. पुन्हा म्हणा ना. मासळी सडल्यासारखा?"

"...सडल्यासारखा," डॉक्टर सावधपणे म्हणाला.

गाठ नव्हती. कुत्रा होता! बिचारा डीकन घाणत होता, खरोखर, जगजाहीर. दोन वर्षं घाणत होता, आणि एवढ्या मोठ्या गावात एकालाही ते तोंडानं म्हणवलं नव्हतं. उघडी खिडकी, पायरीवरचं सरबत, मिस अर्लीनचा पंखा, सगळे एकामागून एक तिच्यासमोरून शिष्टाचारानं माना लववत गेले. हसण्यानं भरून आलेले डोळे पुसता पुसता मात्र तिला उमगलं, की या माणसानं एका वाक्यात आपला जीव परत दिला आणि त्याच वाक्यात खटल्याचा पाया काढून घेतला. आणि त्याला यांतलं काहीच ठाऊक नाही. तिनं फक्त हसण्याचं कारण सांगायचं नव्हतं. एवढंच करायचं होतं: काही सांगायचं नव्हतं.

डॉक्टरनं पुस्तिका आणि पेन्सिल दिली, कसं भरायचं ते सांगितलं, आणि दार नुसतं लोटून तो शेजारच्या खोलीत गेला. मोझेलनं पहिलं पान उघडलं. तपकिरी पट्टा, खाली चार नावं. तिनं पट्टा खरवडला नाही. दुसऱ्या नावापुढचं वर्तुळ काळं केलं. पुढच्या पानावरही दुसरं. पुढच्याही. सोपं होतं. सगळीकडं दुसरंच भरत गेलं तर नशिबाचा वाटा आपोआप पडेल, श्रीव्हपोर्टच्या बाईसारखी गत होणार नाही. तिनं हुंगलंच नाही तर ती खोटं तरी कुठं बोलत होती? नाक बाहेर ठेवून ती आत बसली होती, एवढंच. आणि हे ती स्वतःसाठी थोडंच करत होती. डेल्फीनसाठी करत होती. डेल्फीनचा डोळा काही परत येणार नव्हता. तिच्या आणि तिच्यासारख्यांच्या पुढं शीत म्हणून आपल्याला ठेवलंय. शीत कच्चं निघालं तर भात कोण खाणार? तिनं पान उलटलं, दुसरं वर्तुळ. पान उलटलं, दुसरं वर्तुळ. पण खरवडला नसला तरी पट्टा नाकापासून वीतभरच लांब होता, आणि मोझेलच्या लक्षात आलं, की आपण श्वास रोखून धरलाय.

सहा महिन्यांपूर्वी कंपनीच्या एका साहेबाची जबानी लँड्रीबाईंनी तिला वाचून दाखवली होती. गाठींची कुणकुण लागली होती, तर इशारा का छापला नाही, असं त्याला विचारलं होतं. अतिशय सभ्य माणूस; प्रत्येक उत्तराआधी मॅडम म्हणत होता. बायकांना उगाच घाबरवावं असं आम्हाला वाटलं नाही, मॅडम. तेव्हा मोझेलला त्याचा राग यावा तसा आला नव्हता. उलट त्याचा सूर घरच्यासारखा वाटला होता, आणि तो का, हे आता श्वास रोखून बसल्यावर तिला कळलं. आई खिडक्या लावताना असंच बोलायची. मिस अर्लीन असंच बोलल्या, रँडल असंच बोलला, आणि ती स्वतः सकाळी फोनवर असंच बोलली. सगळी प्रेमाची माणसं. सगळ्यांनी मिळून आज सकाळी तिला मारूनच टाकलं होतं. आणि पंचांपुढं ती काय म्हणणार होती? की यांना माहीत होतं आणि यांनी सांगितलं नाही, म्हणून मी इथं उभी आहे. हे वाक्य लँड्रीबाईंनी तिच्याकडून घोटून घेतलं होतं. फुगलेल्या छातीनं, श्वास कोंडून, ते म्हणता आलं असतं का? डेल्फीननं रडायला सांगितलं होतं. श्वास घेतल्याशिवाय माणसाला रडताही येत नाही.

तिनं श्वास सोडला. उठली, पुस्तिका घेऊन शेजारच्या खोलीच्या दाराशी गेली.

"डॉक्टर, मला दुसरी द्या. ही चुकली."

"यात चुकायचं काय असतं?" व्हीलॉकनं विचारलं.

"मी वास घेतलाच नव्हता."

त्यानं घड्याळ पाहून कागदावर काहीतरी लिहिलं, जुनी पुस्तिका बाजूला ठेवली आणि कोरी काढून दिली. "थांबा," मोझेल म्हणाली. बाहेरच्या खोलीचं दार उघडं होतं. लँड्रीबाई गुडघ्यांवर कागद पसरून बसल्या होत्या. ती त्यांच्यापाशी गेली, त्यांच्या कानाशी वाकली आणि आज सकाळपासून काय झालं ते सगळं, कुत्र्याच्या जांभईपासून, हलक्या आवाजात सांगून टाकलं. "किती?" लँड्रीबाईंनी विचारलं. "किती परत आलंय?"

"तेच बघते आता."

"मिस मोझेल, ते तुम्हाला यादीतून काढायला लावतील, हे कळतंय ना तुम्हाला? दुसरी बाई शोधावी लागेल."

"शोधा. डेल्फीन ब्रूसार्डला शोधा. तिच्या डोळ्यात कुणाला काही परत आलेलं सापडायचं नाही."

आत येऊन तिनं खुर्ची टेबलाजवळ ओढली. पहिला पट्टा खरवडला आणि नाकाशी धरला. काही नाही. अंदाजानं एक वर्तुळ भरलं. दुसरा पट्टा: काही नाही. तिसऱ्याला काहीतरी होतं, पण भिंतीपलीकडं कुणी बोलावं तसं, शब्द कळेना. खाली चार नावं होती, पेट्रोल, गुलाब, काकडीचं लोणचं, कलिंगड. ती डोळे मिटून बसून राहिली, आणि नाकाआधी तिच्या जिभेलाच कळलं. गालांच्या आतून पाणी सुटलं. लोणचं! तिनं ते वर्तुळ काठाबाहेर जाईल इतकं काळंभोर केलं, ओठ पुसले, आणि पुढचं पान उलटून पट्टा खरवडायला घेतला.